कप होना, बस

२० जुलै २०२५ ला बेंगळुरू एफसीला एक तप पूर्ण झालं. हारतुरे राहिले बाजूला. ४ ऑगस्टला क्लबनं पत्रक काढलं की पहिल्या संघातले खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार बेमुदत थांबवले आहेत. आदल्याच दिवशी क्लबच्या सुनील छेत्रीला एक्केचाळीस वर्षं पूर्ण झाली होती. पगार थांबण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. फुटबॉल महासंघ आणि इंडियन सुपर लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता, नव्या कराराचा पत्ता नव्हता, म्हणून ११ जुलैला कंपनीनं लीगच टांगून ठेवली. पगाराच्या त्या पत्रकात खाली एक दिलासा होता: मुलामुलींचे संघ आणि सॉकर स्कूल्स यांना धक्का लागणार नाही.

तेवढ्या दिलाशावरून शिवाजीनगरात जुनं भांडण नव्यानं पेटलं. पुण्याचं शिवाजीनगर नव्हे, बेंगळुरूचं. रसेल मार्केट, सेंट मेरीज बॅसिलिका आणि बसस्टँड यांच्या बेचक्यातलं. आमच्या टपरीवर पहिल्या दिवसापासून दोन पक्ष आहेत, कपवाले आणि पायावाले. कपवाल्यांचे म्होरके भाई. मार्केटात त्यांचा मटणाचा गाळा आहे आणि फुटबॉलविषयीचं त्यांचं संपूर्ण तत्त्वज्ञान दखनी बोलीतल्या तीन शब्दांत मावतं: “कप होना, बस.” पायावाल्यांचे पुढारी राव. बँकेतून निवृत्त झालेले, बेंगळुरूच्या जुन्या मराठा घरातले, घरात आमच्याशी मराठी आणि बाहेर जगाशी कानडी. त्यांचं म्हणणं असं की ट्रॉफ्या विकत मिळतात, खेळाडू घडवावे लागतात, तेव्हा पाच वर्षं द्या. ही पाच वर्षं ते २०१३ पासून मागत आहेत. मी कपवाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कुणी निःपक्षपाती समजून वाचायला नको.

आधीचा इतिहास झरझर उरकतो, पण तो नसता तर हे भांडणही नसतं. इथलं फुटबॉल २०१३ मध्ये सुरू झालं असं मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं, ते चूक आहे. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ पासून गोऱ्या पलटणी आपसांत वाटून घेत होत्या. तो जिंकणारा पहिला भारतीय संघ बेंगळुरूचा, बेंगलोर मुस्लिम्स, १९३७ साली. पुढच्या वर्षी पुन्हा तोच, आणि १९४८ ला आणखी एकदा. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा गोल केला तो इथल्या सारंगपाणी रामननं. ईस्ट बंगालच्या पंचपांडवांतला अहमद खान इथलाच. म्हैसूरनं, म्हणजे आजच्या कर्नाटकानं, संतोष ट्रॉफी चार वेळा नेली, शेवटची १९६८-६९ च्या हंगामात. १९७७ मध्ये फेडरेशन कप पहिल्यांदा भरला आणि तो टेलिफोन बनवणाऱ्या आयटीआयच्या कामगार संघानं मोहन बागानला हरवून उचलला. त्यानंतरची पस्तीस वर्षं सरकारी कारखान्यांच्या हजेरीपटावर खेळलेलं, हळूहळू विझत गेलेलं फुटबॉल. एचएएलचा संघ शेवटी आय-लीगमध्ये पोचला आणि २०१२ मध्ये खालीही गेला. या काळावर मी एकही ओळ जास्त खर्च करणार नाही.

मग जिंदालांचा क्लब आला, बेंगळुरू एफसी.

पहिल्या हंगामात सामने अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल स्टेडियममध्ये. शिवाजीनगरातून कमर्शियल स्ट्रीट ओलांडायची, एमजी रोड ओलांडायचा, ब्रिगेड रोडची गर्दी कापायची की पोचलात. मैदान कृत्रिम गवताचं, बाकं सिमेंटची, आणि पश्चिमेच्या गॅलरीत इंजिनिअर पोरांचा एक घोळका, जो पुढे वेस्ट ब्लॉक ब्लूज म्हणून गाजला. ती पोरं इंग्लिश गाणी म्हणायची. आमच्या रांगेतून गौतमपुरा आणि ऑस्टिन टाउनचे म्हातारे तमिळमध्ये रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. २२ सप्टेंबर २०१३ ला पहिला सामना, समोर मोहन बागान, १-१. परतताना राव म्हणाले, “संघ बांधायला तीन वर्षं लागतील.” २१ एप्रिल २०१४ ला फातोर्ड्यात डेम्पोला ४-२ हरवून पदार्पणातच आय-लीग घरी आली. त्या रात्री भाईंनी टपरीवरच्या प्रत्येकाला सीख कबाब खाऊ घातले आणि रावांना दोन जास्त दिले.

पुढचं दशक मी जगलोय, त्यामुळे ते कुणी मला आकडेवारीतून शिकवू नये. २०१५ च्या जानेवारीत फेडरेशन कप. त्याच वर्षी ३१ मे. कंठीरवा स्टेडियमवर आय-लीगचा शेवटचा सामना, बागानला बरोबरी पुरणार, आपल्याला विजयच हवा. आमच्या जॉन्सनचा गोल झाला, मध्यांतर झालं, ऐंशी मिनिटं उलटली आणि भाईंनी मुठीत आवळलेला निळा स्कार्फ सैल सोडला. ८७ व्या मिनिटाला कॉर्नर आला. बागानचा बेल्लो रझाक सगळ्यांच्या वर उठला. चेंडू जाळ्यात गेल्यावर स्टेडियममध्ये फक्त बागानचा कोपरा ऐकू येत होता, आणि आमच्यापासून तो कोपरा फार लांब होता, कारण मध्ये धावपटूंचा ट्रॅक. (त्या ट्रॅकवरूनही पुढे अ‍ॅथलेटिक्सचे प्रशिक्षक आणि क्लब यांची जुंपली. बारा वर्षांत स्वतःचं मैदान बांधलं नाही, याला राव कुठल्या पायात मोजतात ते त्यांनाच विचारा.)

२०१६ मध्ये दुसरी आय-लीग आली. तिचा रंग कुणाला आठवत नाही, कारण त्याच वर्षी आशियाई फुटबॉलचा एएफसी कप होता. १९ ऑक्टोबरला उपांत्य फेरीचा दुसरा सामना. मलेशियाचा जोहोर संघ गतविजेता, पहिला सामना त्यांच्याकडे १-१. अकराव्या मिनिटाला त्यांनी गोल केला आणि कंठीरवा गप्प झालं. छेत्रीनं हेडरनं बरोबरी साधली, उत्तरार्धात लांबून असा काही फटका हाणला की गोलरक्षक बघतच राहिला, आणि तिसरा हुआननचा, डोक्यानं. ३-१. भारतीय क्लब आशियाई कपाच्या अंतिम फेरीत पहिल्यांदाच. ५ नोव्हेंबरला दोहामध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबशी गाठ होती आणि आमचा पहिला गोली अमरिंदर पिवळ्या कार्डांमुळे बाहेर. दुसरा गोली, लालथुअम्माविया राल्ते, उभा राहिला आणि सुरेख खेळला. सत्तराव्या मिनिटाला हम्मादी अहमदनं गोल केला, ०-१.

टीव्ही बंद झाल्यावर रावांनी तोंड उघडलं. क्लबानं पैसा वरच्या अकरांवर लावला, खाली काही नाही, म्हणून असं होतं. मी म्हटलं, अहो, खालचा गोलीच तर आज सर्वात चांगला खेळला! त्यांनी ते ऐकलं नाही. पायावाल्यांची ही खोड आहे: जिंकलो तर पैशानं, हरलो तर पाया नव्हता म्हणून.

त्यांची बाजू खरी मजबूत झाली ती २०१८ मध्ये, आणि तेव्हा मलाही बोलता येईना. इंडियन सुपर लीगचा आपला पहिलाच हंगाम. १८ सामन्यांत ४० गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या चेन्नईयनपेक्षा तब्बल आठ जास्त. जगात कुठेही याला विजेता म्हणतात. इथे मात्र गुणतक्त्यात पहिलं येणाऱ्याला काहीच नव्हतं, लीग शिल्ड नावाचा प्रकार त्यानंतर दोन वर्षांनी आला. १७ मार्चला घरच्याच मैदानावर अंतिम सामना, समोर तोच चेन्नईयन. छेत्रीनं नवव्या मिनिटाला गोल केला, मग माइल्सन नावाच्या त्यांच्या बचावपटूनं कॉर्नरवर दोनदा डोकं लावलं, आणि चार महिन्यांची मेहनत २-३ अशी वाहून गेली. चार महिने शांतपणे, शिस्तीत बांधकाम करणाऱ्याला एका रात्रीच्या लॉटरीला बसवणाऱ्या त्या पद्धतीवर माझा राग अजून उतरलेला नाही. पण गंमत पाहा. राव म्हणाले, कपाच्या नादानं लीगची माती केली. भाई म्हणाले, म्हणूनच म्हणतो, या देशात कपच खरा, बाकी सगळं कागद. त्या वादात भाई जिंकले असं माझं ठाम मत आहे.

बरोबर एक वर्षानं, १७ मार्च २०१९, पुन्हा अंतिम सामना, अंधेरीचं मैदान, समोर गोवा. नव्वद मिनिटं ०-०, जादा वेळही संपत आलेली. ११७ व्या मिनिटाला दिमासचा कॉर्नर आणि राहुल भेकेचं डोकं. मुंबईचा पोरगा, मुंबईतच, बेंगळुरूसाठी! टपरीवर भाईंनी मला उचललं. “तुमचा मराठी छोकरा!” म्हणाले. मी भेकेच्या घराण्याशी जणू नातं असल्यासारखा आठवडाभर मिरवलो.

इथून उतरण सुरू झाली. २०२१ मध्ये सातवे, पुढच्या वर्षी सहावे, प्रशिक्षक बदलत गेले. २०२२ च्या सप्टेंबरात कोलकात्यात ड्युरंड कप मुंबई सिटीला २-१ हरवून आणला, आणि त्यात पहिला गोल शिवशक्तीचा. राखीव संघातून वर आलेला पोरगा. त्याच वर्षी कुमार खेळाडूंसाठीची डेव्हलपमेंट लीगही आपण जिंकली होती. रावांची छाती फुगली: बघा, पाया! मी त्यांना त्या दिवशी म्हटलं ते आजही म्हणेन. शिवशक्ती सगळ्यांना कळला तो अंतिम सामन्यात. अंतिम सामना होता म्हणून कळला. खालच्या गटातल्या सामन्यांत त्याचे गोल मोजणारे आपल्या टपरीवर दोघेच होते, आणि दुसरे तुम्हीच.

पायावाल्यांना खरं उत्तर द्यायचं तर पुण्याकडे बोट दाखवावं लागतं. पुणे एफसीची अकादमी देशात नावाजलेली होती, त्यांची कुमार पोरं राष्ट्रीय लीग जिंकत होती. २०१५ मध्ये मालकांनी दुकान आवरलं. अकादमी एफसी पुणे सिटीनं घेतली आणि २०१९ मध्ये तोही क्लब बुडाला. डीएसके शिवाजीयन्सनं तर लिव्हरपूलच्या नावाची अकादमी उभी केली होती. २०१७ नंतर ना संघ, ना अकादमी. तिथल्या राव मंडळींनीही पाच वर्षं मागितली असतीलच. या देशात दीर्घकालीन योजना मालकाच्या ताळेबंदाएवढीच दीर्घ असते. क्लब उद्या मिटला तरी २०१९ चा कप यादीत राहील. अकादमीतून अर्ध्यात घरी गेलेल्या सतरा वर्षांच्या पोरांची यादी कोण ठेवतं?

आणि पाया पाया म्हणतात तो घातला कुठे? विजयनगरला, बळ्ळारी जिल्ह्यात, जिंदालांच्या पोलाद कारखान्याच्या गावी. वसतिगृह, मैदानं, वैद्यकीय सोयी सगळं उत्तम, नाकारत नाही. पण इथून ते अंतर साधारण ३०० किलोमीटर. ज्या गल्ल्यांनी ऑलिंपिकचे खेळाडू दिले, ज्या गौतमपुऱ्यात पेलेचा पुतळा आहे, तिथल्या पोरांना तिकीट काढून स्टेडियमात बसवलं. शंकर संपंगीराज, लिऑन ऑगस्टिन, अलीकडे विनीत वेंकटेश, अशी शहरातली नावं आहेत, पण ती बोटांवर मोजावी लागतात ही तक्रार मी कपवाला असूनही करतो आणि राव पायावाले असूनही करत नाहीत.

२०२३ च्या मार्चमध्ये रियाधला कर्नाटकानं मेघालयाला ३-२ हरवलं आणि संतोष ट्रॉफी ५४ वर्षांनी परत आणली. गोल सुनील कुमार, बेकी ओराम आणि रॉबिन यादव यांचे. स्थानिक लीगमध्ये राबणारी पोरं, प्रशिक्षक रवी बाबू राजू. कुणाचा प्रकल्प नाही, कुणाचं पत्रक नाही. त्याच महिन्यात बेंगळुरू एफसी गोव्यात पेनल्टींवर बागानकडून सुपर लीगचा अंतिम सामना हरला. टपरीवर चर्चा झाली ती पेनल्टींचीच. रियाधच्या पोरांवर कुणी एक ग्लास चहादेखील संपवला नाही, भाईंनीही नाही, रावांनीही नाही.

२०२३-२४ ला दहावे, मग एकदम उसळी: १२ एप्रिल २०२५, सॉल्ट लेक, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा बागान, जादा वेळेत १-२. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय कोण, तर छेत्री, १४ गोल, वय चाळीस. यावर टाळ्या पडल्या आणि पडायलाच हव्यात. पण बारा वर्षं पाया घालणाऱ्या क्लबात चाळिशीच्या माणसाला मागे टाकणारा एक पोरगा तयार होत नसेल, तर रावांनी आधी त्याचा हिशोब द्यावा आणि मग आमच्या कपांकडे बोट करावं.

आता ते पत्रक. राव ते खिशात घेऊन हिंडतात: वरचा मजला बंद पडला तरी पाया शाबूत आहे. त्यांना वाटतं हा त्यांचा विजय. मी विचारलं, या मुलांनी अठरा पूर्ण केल्यावर खेळायचं कुठे? लीग टांगलेली, पहिल्या संघाला पगार नाही, वर जागाच नाही. राव म्हणाले, लीग होईल, धीर धरा. किती, असं विचारायची गरज नव्हती.

माझी मागणी साधी होती आणि ती मी दोन्ही पक्षांपुढे ठेवली. राष्ट्रीय लीगचं काय व्हायचं ते दिल्लीत होवो. तोवर पहिला संघ अशोकनगरच्या जुन्या स्टेडियममध्ये उतरवा. राज्य संघटनेच्या सुपर डिव्हिजनमध्ये क्लबाचा राखीव संघ खेळतोच, तिथल्या प्रत्येक क्लबाशी छेत्रीसकट एकेक सामना लावा, तिकीट शंभर रुपये ठेवा, गल्ला खेळाडूंना वाटा. गौतमपुऱ्याचा पोरगा छेत्रीच्या पायातून एकदा चेंडू काढेल. रावांना पाया मिळेल. भाईंनी मात्र लगेच अट घातली: शेवटी अंतिम सामना हवा, आणि तो जिंकणाऱ्याला काहीतरी चकाकतं मिळायला हवं. नाहीतर ते गाळा बंद करून येणार नाहीत.

राव अजून विचार करतायत.