नाव जग्वारचे, भिस्त ४३२ सेलवर

शिलाईच्या कारखान्यातली जुनी क्लच मोटर आणि नवी सर्व्हो मोटर यांतला फरक आपल्या कारागीर बंधूंना वेगळा सांगायला नको. क्लच मोटर एकदा बटण दाबले की दिवसभर घुमत राहते. कारागीर टाका घालो वा नुसते कापड सरळ करीत बसो, विजेचे मीटर चालूच. सर्व्हो मोटर पायाखालची पट्टी दाबली तरच फिरते, जितका दाब तितकाच वेग, आणि पाय उचलला की गप्प. पेट्रोल-डिझेलची गाडी आणि विजेची गाडी यांतला मुख्य फरकही असाच आहे.

विजेच्या गाड्यांचा आज सगळीकडे बोलबाला आहे. मालाची तारीफ दुकानदाराच्या तोंडून ऐकावी त्यापेक्षा उलगडून पाहावी, हा आम्हा कापडवाल्यांचा जुना रिवाज. म्हणून या लेखात एकच गाडी उलगडून पाहू. ती म्हणजे जग्वार कंपनीची आय-पेस. ही उंच बांध्याची, महागडी आणि संपूर्ण विजेवर चालणारी एसयूव्ही मार्च २०१८ मध्ये जगापुढे आली. जग्वार हे नाव इंग्लंडचे, पण मालकी आपल्याकडची. टाटा मोटर्सने २००८ साली फोर्ड कंपनीकडून जग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही कारखाने विकत घेतले होते. भारतात ही गाडी मार्च २०२१ मध्ये सुमारे एक कोटी सहा लाख रुपयांना विक्रीस आली.

ताकद कुठून येते?

या गाडीला दोन मोटरी आहेत, एक पुढच्या आसावर आणि एक मागच्या आसावर. दोन्ही मिळून ४०० अश्वशक्ती आणि ६९६ न्यूटन-मीटर पीळ देतात. पीळ म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. पेट्रोलच्या इंजिनाला हा जोर यायला आधी फेरे वाढवावे लागतात, म्हणून गिअर बदलण्याचा खटाटोप. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच पुरा पीळ देते. त्यामुळे आय-पेसला एकच गिअर पुरतो. मोटरीचे साधारण नऊ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. २,१३३ किलो वजनाची ही गाडी उभ्या जागेवरून शंभर किलोमीटरचा वेग ४.८ सेकंदांत गाठते. तिचा कमाल वेग ताशी २०० किलोमीटर आहे.

बनावटीतली एक युक्ती कारागिरांनी लक्षात घेण्यासारखी आहे. मोटरीचा फिरणारा गाभा पोकळ ठेवला असून चाकाकडे जाणारा दांडा त्या पोकळीतूनच आरपार जातो. त्यामुळे मोटर आसाच्या रेषेतच बसते आणि जागा कमी खाते. पुढे इंजिनाचा मोठा खोका नाही, म्हणून बसण्याची जागा पुढे सरकवता आली. गाडीची लांबी ४,६८२ मिलिमीटर आहे आणि पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर तब्बल २,९९० मिलिमीटर आहे. याच मधल्या जागेत, पायाखाली, बॅटरी आडवी पसरली आहे.

ही बॅटरी एकटीच सुमारे ६०० किलोची. एवढे ओझे जमिनीजवळ असल्याने गाडी वळणावर झुकत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजनही निम्मे-निम्मे पडते. सांगाडा बहुतांश ॲल्युमिनियमचा असून सांधे रिव्हेट आणि चिकटद्रव्य वापरून जोडलेले आहेत. तळाशी पसरलेल्या बॅटरीमुळे सांगाडा आणखी घट्ट होतो. अर्धा मीटर पाण्यातूनही ही गाडी जाऊ शकते.

ब्रेकची वीज

पेट्रोलच्या गाडीत ब्रेक दाबला की गतीची सगळी शक्ती पट्ट्यांच्या घर्षणात, उष्णता होऊन वाया जाते. इथे पाय उचलला की मोटरच उलटे काम करते. ती डायनामो बनते, गाडीचा वेग कमी करते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत भरते. आय-पेसमध्ये हा उतार इतका जोरदार ठेवला आहे की शहरात बहुतेक वेळ एकाच पायपट्टीवर गाडी चालवता येते. ब्रेकच्या पट्ट्यांची झीजही त्यामुळे कमी होते.

एकच गाडी, दोन गज

आता हिशेबाकडे वळू. बॅटरीची क्षमता ९० किलोवॅट-तास आहे. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. यातली सुमारे ८५ युनिटेच वापरायला मिळतात. बाकीची बॅटरीच्या जपणुकीसाठी राखून ठेवलेली असतात. युरोपच्या चाचणीत एका भरणीत ४७० किलोमीटर चाल मिळाली, तर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या चाचणीत २३४ मैल, म्हणजे साधारण ३७७ किलोमीटर. गाडी तीच, बॅटरी तीच, पण दोन ठिकाणचा गज वेगळा. तेव्हा कोणतीही विजेची गाडी घेताना, विशेषतः धंद्यासाठी, आकडा कोणत्या गजाने मोजला हे आधी विचारावे.

अमेरिकेच्या त्याच गजाने, त्याच सुमारास, टेस्लाच्या मॉडेल एक्स या अधिक वजनदार गाडीने १०० युनिटांच्या बॅटरीवर २९५ मैल, म्हणजे सुमारे ४७५ किलोमीटर चाल दाखवली. वीज थोडीच जास्त, पण चाल शंभर किलोमीटरने अधिक. म्हणजे जग्वारची ताकद भरपूर, पण काटकसर कमी पडली. कंपनीने २०१९ च्या अखेरीस, शर्यतीत उतरवलेल्या आय-पेस गाड्यांच्या अनुभवावरून, फक्त संगणकीय आज्ञा बदलून चाल सुमारे २० किलोमीटरने वाढवली. एक खिळाही न बदलता गाडी सुधारते, ही या नव्या कारागिरीची खासियत आहे.

भरणीचा वेळही धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा. घरच्या सात किलोवॅटच्या जोडणीवर पुरी भरणी व्हायला जवळजवळ तेरा तास लागतात. १०० किलोवॅटच्या जलद यंत्रावर ८० टक्के भरणी सुमारे ४० मिनिटांत होते. ५० किलोवॅटच्या यंत्रावर त्यालाच दीड तासाच्या आसपास लागतो.

बक्षिसे झाली, मग?

२०१९ साली या गाडीने युरोपातील ‘वर्षातील सर्वोत्तम गाडी’चा किताब मिळवला. तिचे आणि फ्रान्सच्या अल्पाइन ए-११० चे गुण समान झाले होते. पहिली पसंती देणारे परीक्षक जास्त म्हणून निकाल जग्वारकडे गेला. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम गाडी, सर्वोत्तम रचना आणि सर्वोत्तम हरित गाडी असे तिन्ही किताब तिने एकदम पटकावले. अमेरिकेत चालकाविना टॅक्सी चालवणाऱ्या वेमो कंपनीनेही हीच गाडी निवडली.

नमुना पास झाला, तारीफ झाली. पण धंद्यात खरी परीक्षा नमुन्याची नसते, लॉटची असते.

आय-पेसच्या बॅटरीत ४३२ सेल आहेत. बारा-बारा सेलचे ३६ खण. चार-चार सेल शेजारी जोडून एक गट, आणि असे १०८ गट एकामागोमाग जोडलेले. तेव्हा कुठे सुमारे ३९० व्होल्टचा दाब मिळतो. प्रत्येक सेल चपट्या पाकिटासारखा. आत तांब्याचे पातळ पत्रे, ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि दोहोंमध्ये झिरझिरीत पडदा. पत्र्यांच्या कडेला वीज बाहेर आणणारी छोटी पट्टी असते. ती पट्टी दुमडली आणि आतल्या पडद्याला इजा झाली, तर आतल्या आत शॉर्ट होऊन उष्णता वाढते. ही उष्णता एका सेलवरून शेजारच्या सेलवर गेली की आग आवरणे कठीण होते.

२०२३ मध्ये अमेरिकेत बॅटरी तापून आग लागण्याच्या धोक्यामुळे सहा हजारांवर आय-पेस गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. बॅटरीवर पाळत ठेवणारी नवी संगणकीय आज्ञा त्यांत भरण्यात आली. पण हा इलाज झालेल्या काही गाड्याही पेटल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये २०१९ सालच्या बनावटीच्या २,७६० गाड्यांबद्दल पुन्हा इशारा निघाला. ८० टक्क्यांवर भरणी करू नका, गाडी इमारतीपासून दूर उघड्यावर लावा, असे मालकांना सांगण्यात आले. कंपनीने अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याला कळवले की तपासलेल्या खणांत दुमडलेल्या पट्टीची लक्षणे दिसली आहेत. अखेर या गाड्या ग्राहकांकडून परत विकत घेण्याचा निर्णय झाला. २०२४ च्या अखेरीस आय-पेसचे उत्पादनही संपले.

दोष कोणाचा, नाव कोणाचे?

आता पाहा, ही गाडी आखली इंग्लंडात, जोडली ऑस्ट्रियातील ग्रात्स शहरात माग्ना कंपनीच्या कारखान्यात, आणि त्या गाड्यांचे सेल आले एलजी कंपनीच्या पोलंडमधील कारखान्यातून. सूत एकाचे, विणाई दुसऱ्याची, लेबल तिसऱ्याचे, ही रीत आपल्यालाही परिचयाची आहे. पण गिऱ्हाईक सूतवाल्याला ओळखत नाही. तो लेबलवाल्याच्या दारात येतो.

तागा विणताना एक उभी तार तुटली आणि कोणी पाहिली नाही, तर ती चीर शेवटच्या वारापर्यंत जाते. बाकीच्या हजारो तारा कितीही सरस असल्या तरी तो तागा दुय्यमच. ४०० अश्वशक्तीच्या गाडीचे नेमके हेच झाले.

अशा वेळी भरपाई कोणी द्यायची? जनरल मोटर्सच्या बोल्ट या विजेच्या गाडीत एलजीच्याच सेलचा दोष निघाला, तेव्हा २०२१ मध्ये एलजीने १९० कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले. आपण जॉबवर माल करून घेतो तेव्हा खराब मालाचे नुकसान कोणाच्या माथी, हे बहुधा तोंडीच ठरते किंवा ठरतच नाही. ते आधी कागदावर घ्यावे. दोन पानांचा करार वर्षांची दोस्ती वाचवतो.

गॅरेजवाल्या बंधूंसाठी

इंजिनावर पोट असलेल्या कारागिरांनी या गाडीकडे दुरून पाहून चालणार नाही. तेल बदलणे, प्लग, क्लच, सायलेन्सर ही कामे विजेच्या गाडीत नाहीत. टायर, सस्पेन्शन, एअर कंडिशनर, १२ व्होल्टची साधी बॅटरी, काच आणि बॉडी ही कामे राहणारच. उलट दोन टनांच्या ओझ्यामुळे टायरचे काम वाढेल. ॲल्युमिनियमची बॉडी मात्र पोलादी पत्र्यासारखी गॅसवर तापवून ठोकता येत नाही. त्याची हत्यारे आणि हातोटी वेगळी.

आणि एक ताकीद. नारिंगी रंगाची वायर दिसली की थांबावे. तिच्यात जीवघेणा दाब असतो. रबरी हातमोजे, दाब तोडण्याची रीत आणि मापन यांचे रीतसर शिक्षण घेतल्याशिवाय त्या वायरीला कोणीही हात लावू नये. घरातल्या मुलाला गॅरेजमध्ये बसवायचे असेल तर आधी हे शिक्षण द्यावे, मग पाना हाती द्यावा.

वेग ४.८ सेकंदांत मिळाला, किताब एका वर्षात मिळाले, पण विश्वास एका दुमडलेल्या पट्टीने गेला. आपला माल गाडी असो, कापड असो वा कुलूप, बाजारात पाठवण्याआधी त्यातली सर्वांत लहान वस्तू एकदा स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहावी.