शिखांवरील हल्ले आणि 'गैरसमजा'चा युक्तिवाद

५ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका गोऱ्या वंशवर्चस्ववाद्याने सहा शिखांना गोळ्या घालून ठार मारले. जखमींपैकी एक २०२० साली वारला. तेव्हा पुष्कळांनी म्हटले, शिखांना मुसलमान समजून मारले असेल. हे स्पष्टीकरण मला मान्य नाही. त्याचा अर्थ असा होतो की, मारणे चुकले नाही, फक्त माणूस चुकला!

अशी सुटका पूर्वीही शोधली गेली. अमेरिकी सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंद या शीख गृहस्थांनी नागरिकत्वासाठी दावा केला की, आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरेच. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जातीचा दाखला वंशद्वेषापुढे चालला नाही. चालला असता, तरी बाकीचे बाहेरच राहिले असते.

जन्मावरून माणूस ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून शिखांच्या बाजूने उभे राहताना 'ते मुसलमान नव्हेत' असे आपण म्हणू नये. मुसलमान असते तरी आपण तिथेच उभे राहिलो असतो, असे म्हणावे. लंगरच्या पंगतीत कोणाची जात विचारत नाहीत. आपल्या पाठिंब्यालाही तीच रीत हवी.