समुद्रकाठी जाताना

सुट्टीत मुंबईला नातलगांकडे गेलेली झरीची मंडळी एक दिवस अलिबागलाही जाऊन येतात. काय काळजी घ्यावी, असे मला दवाखान्यात पुष्कळजण विचारतात.

आपल्याकडील कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो व अंग गार राहते. समुद्रकाठची हवा दमट. तेथे घाम वाळत नाही, उष्णता अंगातच कोंडते. म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. गेटवेहून मांडव्याला लाँचने जाताना मळमळत असल्यास थोडेच खाऊन बसावे व नजर दूरवर ठेवावी.

भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते. कुलाबा किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येते; वेळ आधी विचारून घ्यावी व पाणी चढण्यापूर्वी परतावे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. विहिरीत पट्टीचा पोहणाराही समुद्राच्या ओढीपुढे टिकत नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये.

बुडालेल्याच्या पोटातील पाणी काढण्यात वेळ दवडू नका. श्वास थांबला असल्यास ताबडतोब तोंडाने श्वास द्या, छाती दाबा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.