वृश्चिकाच्या छापाची नळी

मोटारीच्या पुढच्या अंगाला जे वैभव लाभते, म्हणजे दिव्यांची जोडी, जाळीचा दिमाख, कारखान्याचे बोधचिन्ह, त्याचा शतांशही तिच्या पिछाडीच्या वाट्याला सहसा येत नाही. आणि त्या पिछाडीतही सर्वांत उपेक्षित असा भाग म्हणजे बंपरखालून डोकावणारे, काजळीने माखलेले, धूर बाहेर टाकण्यापलीकडे ज्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा नसते असे सायलेन्सरच्या नळीचे तोंड. या उपेक्षित जिनसेला प्रतिष्ठा मिळवून देऊन, तिच्याच कमाईवर शर्यतीच्या गाड्यांचा खर्चिक शौक पुरवणारा एक कारखाना विसाव्या शतकाच्या मध्याला इटलीत उभा राहिला. अबार्थ हे त्याचे नाव.

संस्थापक कार्लो अबार्थ हा जन्माने व्हिएन्नाचा. मोटारसायकलींच्या शर्यतींत त्याने तारुण्य घालवले आणि अपघातांची किंमतही मोजली. १९३४ साली साइडकार जोडलेल्या मोटारसायकलीवरून व्हिएन्ना ते ऑस्टेंड या मार्गावर खुद्द ओरिएंट एक्स्प्रेसशी त्याने शर्यत लावली होती, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. महायुद्धानंतर तो ट्युरिनच्या चिसितालिया या शर्यती गाड्यांच्या कंपनीत होता. ती कंपनी कर्जात बुडाली, तेव्हा येणे रकमेच्या बदल्यात काही गाड्या आणि सुटे भाग एवढेच त्याच्या पदरात पडले. त्या भांडवलावर, गुइदो स्कालियारिनी या शर्यतपटूच्या साहाय्याने, १९४९ च्या मार्चअखेर बोलोन्यात त्याने स्वतःची पेढी घातली आणि लवकरच तिचे बिऱ्हाड ट्युरिनला हलवले. जन्म १५ नोव्हेंबरचा, म्हणून पाश्चात्त्य गणनेप्रमाणे रास वृश्चिक. तोच विंचू त्याने चिन्ह म्हणून ढालीवर बसवला. (आपल्याकडील ज्योतिष्याने आधी चंद्र कोठे होता ते विचारले असते, हा भाग निराळा.)

पुढच्याच वर्षी, १० एप्रिल १९५० रोजी, ताझिओ नुवोलारी या इटलीच्या लाडक्या शर्यतवीराने आपल्या आयुष्यातील अखेरची शर्यत सिसिलीतील मोन्ते पेल्लेग्रिनोच्या घाटात अबार्थचीच गाडी हाकून पुरी केली आणि आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला. परंतु कीर्तीने कारखान्याचे पगार भागत नाहीत. शर्यतीच्या गाड्या पैसा खातात, देत नाहीत. आणि फियाटची लहान मोटार हप्त्याहप्त्याने घेणाऱ्या कारकुनाला, शिक्षकाला वा दुकानदाराला परवडेल अशी, एका दुपारीत बसवता येईल अशी आणि बसवल्याबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लक्षात येईल अशी एखादी वस्तू विकल्यावाचून हा प्रपंच चालणार नाही, हे या गृहस्थाने नेमके हेरले. ती वस्तू म्हणजे ही नळी.

तिची करामत समजण्यासाठी एंजिनाच्या आवाजाची उत्पत्ती पाहिली पाहिजे. सिलिंडरात इंधन जळून दट्ट्या खाली गेला की निकासाचा व्हॉल्व्ह उघडतो. त्या क्षणी आतील वायूचा दाब बाहेरच्या हवेहून पुष्कळ अधिक असल्यामुळे तो वायू वाहत जात नाही, उसळतो, आणि त्या उसळीचा धक्का नळीतून पुढे धावतो. १९५७ साली निघालेल्या फियाट ५०० या इवल्या गाडीत दोनच सिलिंडर, क्षमता ४७९ घनसेंटिमीटर, शक्ती अवघी १३ अश्वशक्ती. दोन्ही दट्टे एकदमच वरखाली होत, मात्र स्फोट आळीपाळीने, म्हणजे एका फेऱ्याला एक. तेव्हा मिनिटाला ३००० फेरे झाले असता सेकंदाला पन्नास धक्के बाहेर पडत. चार सिलिंडरांच्या एंजिनात त्याच गतीला ते शंभर होतात. गाडीचा मूळ षड्ज हा असा एंजिनच्या घडणीतच ठरून जातो. सायलेन्सर करणाऱ्याच्या हाती उरते ते, तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याप्रमाणे, त्या षड्जाभोवतीच्या स्वरांपैकी कोणते उमलू द्यायचे आणि कोणते दाबायचे, एवढेच.

सर्वसाधारण सायलेन्सरचा डबा आतून कप्प्याकप्प्यांचा असतो. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो, उलट फिरतो, ध्वनिलहरी भिंतींवर आपटून एकमेकींना मारतात आणि बाहेर येते ती एक सभ्य, निःसत्त्व गुणगुण. परंतु या वळणावळणांच्या मार्गात वायूलाही अडवणूक होते आणि एंजिनला आपला धूर स्वतःच्या बळाने ढकलावा लागतो. शर्यतीच्या धर्तीच्या सायलेन्सरमध्ये नळी सरळ जाते. तिच्या अंगाला भोके पाडलेली असतात आणि तिच्याभोवती काचतंतूंसारख्या सच्छिद्र द्रव्याचे वेष्टन असते. वायू अडत नाही. उंच, कर्कश स्वर भोकांतून त्या तंतूंत शिरून विरतात, खर्जातले मात्र सहजासहजी विरत नाहीत, आणि म्हणून जो आवाज बाहेर पडतो तो नुसता मोठा नसतो, भरदार असतो. आवाज वाढवणे कोणालाही जमते, डबा कापून टाकला की झाले. अप्रिय स्वर गाळून उरलेला वाढवणे ही कारागिरी. आमच्याकडे बुलेटला फटाका सायलेन्सर लावून रात्री गल्ली जागी करणाऱ्या तरुणांना हा भेद कोणीतरी समजावून सांगायला हवा.

मोकळ्या नळीने शक्तीही वाढते, ही जाहिरात सर्वस्वी खोटी नव्हे. दाबाची लहर नळीच्या उघड्या तोंडाशी पोहोचली की तिचा एक अंश विरळ लहर होऊन मागे परततो, आणि लांबी नीट साधलेली असली तर नेमका व्हॉल्व्ह उघडा असताना सिलिंडराशी पोहोचून उरलासुरला धूर ओढून काढतो. तरीपण १३ अश्वशक्तीच्या एंजिनात वाढून वाढणार किती? कार्ब्युरेटर आणि एंजिनचे इतर भाग बदलल्याशिवाय नुसत्या नळीने चाकांपर्यंत पोहोचे ते थोडे. कानापर्यंत पोहोचे ते मात्र भरपूर. गिऱ्हाइकाला यात फसवणूक वाटली नाही. त्याने विकत घेतला होता तो मान.

आणि मान दिसावाही लागतो. फियाट ५०० चे एंजिन मागच्या बाजूला असल्यामुळे सायलेन्सरचा डबा थेट पिछाडीखाली आडवा बसे, त्यामुळे तो रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या नजरेत भरे. अबार्थने हा योगायोग वाया घालवला नाही. डबा काळा, मंद झिलईचा. त्यातून बाहेर आलेली नळ्यांची तोंडे क्रोमने चकचकीत. आणि विंचवाचा छाप. काळ्यावर रुपेरी ही जोडी इतकी रुजली की सिग्नलला मागे उभ्या राहिलेल्या माणसाने पुढच्या गाडीची योग्यता तिच्या शेपटीवरून ठरवावी. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. टोकाला चढवलेल्या चार बोटे लांबीच्या चकचकीत टोपणाने आवाजात म्हणण्यासारखा काहीच फरक पडत नाही. सेकंदाला पन्नास कंपनांच्या ध्वनीची लहर तापलेल्या वायूत नऊ-दहा मीटर लांब असते, तिच्यापुढे या चार बोटांची काय कथा! ते टोपण डोळ्यांसाठी असते. टायटेनियमच्या नळीवर उष्णतेने चढणारा पिवळा, जांभळा, निळा रंग हा तरी खऱ्या तापाची खूण, कारण ऑक्साइडचा पापुद्रा जसा जाड होतो तसा प्रकाश त्यावर निरनिराळा रंगतो. पण आता तोही आधीच भाजून तयार विकला जातो. कित्येक महागड्या गाड्यांच्या बंपरमध्ये तर रुंद रुपेरी चौकटी नुसत्या बसवलेल्या असतात आणि खरी नळी त्यांच्याआड मान खाली घालून धूर सोडत असते. हा प्रकार मला सर्वांत हास्यास्पद वाटतो.

अबार्थचा बडेजाव निदान पोकळ नव्हता. फियाट ५०० ची विक्री सुरुवातीला मंद होती. तेव्हा फेब्रुवारी १९५८ मध्ये त्याने आपल्या हाताखालून गेलेली एक ५०० मोन्झाच्या धावपट्टीवर सात दिवस आणि सात रात्री अखंड पळवली. १६८ तासांत १८,१८६ किलोमीटर, सरासरी वेग तासाला १०८ किलोमीटर. फियाटने या विक्रमाची कदर केली आणि पुढे प्रत्येक विजयामागे बक्षिसी देण्याचा करार केला. १९६२ सालापर्यंत कारखान्यातून वर्षाला अडीच लाखांहून अधिक सायलेन्सर बाहेर पडू लागले आणि त्यांतील निम्म्याहून जास्त परदेशी रवाना होत. पुढे शर्यतींच्या खर्चाने पुन्हा बाजी मारली. १९७१ मध्ये सारा कारभार फियाटच्या स्वाधीन झाला आणि १९७९ मध्ये अबार्थ वारला.

या शतकात फियाटने ते नाव पुन्हा बाजारात आणले, आणि विंचू पुण्याजवळच्या रांजणगावापर्यंत येऊन पोहोचला. २०१५ साली तेथल्या कारखान्यात अबार्थ पुंटो तयार होऊ लागली, १४५ अश्वशक्तीची. तिच्या एंजिनला टर्बो होता, आणि टर्बोचे पाते धुराच्या धक्क्यातलाच जोर घेऊन फिरत असल्याने आवाज आपसूक मवाळ होतो. इटलीतील लहान अबार्थसाठी ‘रेकॉर्ड मोन्झा’ नावाचा जो सायलेन्सर मिळे, त्यात यावर तोड म्हणून एक झडप बसवलेली असे. दाब वाढला की ती उघडून वायूला सरळ वाट देई. आपल्याकडे अशी हौस परस्पर करू पाहणाऱ्याची गाठ मोटार वाहन नियमावलीतील नियम १२० शी पडते. प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच, असे तो फर्मावतो. पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांची रांग रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात, ती छायाचित्रे वाचकांच्या परिचयाची असतील.

२०२३ मध्ये आलेली अबार्थ ५००ई विजेवर चालते. तिला धूर नाही, नळी नाही. तरी जुन्या पेट्रोल एंजिनचा आवाज वाजवणारा एक ध्वनिक्षेपक कारखान्याने तिच्या पोटाखाली बसवून दिला आहे, आणि तो आवाज जुळवण्यासाठी अभियंत्यांनी हजारो तास खर्ची घातले. मालकाला नको असेल तेव्हा तो बंद करता येतो, परंतु त्यासाठी गाडी आधी थांबवावी लागते.