वॅटचा बाऊ आणि ओव्हनचं खरं गणित

“ताई, 2800 वॅट? मग बिल केवढं येईल?”

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ मी घरी बेकिंगचे वर्ग घेते. स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलेलं जवळजवळ प्रत्येक घर हा प्रश्न घेऊन येतं, मग ते काठे गल्लीतल्या जुन्या इमारतीतलं असो की नव्या संकुलातलं. मॉड्युलर किचनच्या उंच कपाटात ओव्हनची जागा आखलेली असते, सुतार मापाची वाट बघत असतो, आणि सगळं अडतं ते पाटीवरच्या एका आकड्याशी. त्या आकड्याला घाबरून कोणी कमी वॅटचा ओव्हन शोधत बसतं. कोणी चांगला ओव्हन घेऊन त्यात नुसत्या कढया ठेवतं. आणि कोणी वीज वाचवायची म्हणून थंड ओव्हनमध्येच केकचं भांडं सरकवतं, मग केक मध्ये बसला की पिठाला दोष देतं. हे तिसरं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात अंडी, लोणी, मेहनत आणि वीज असं सगळंच वाया जातं.

गैरसमज : जास्त वॅट म्हणजे जास्त बिल

वॅट म्हणजे वीज ओढण्याचा वेग. बिल येतं ते युनिटवर, आणि 1000 वॅटचं उपकरण तासभर सलग चाललं तर 1 युनिट होतं. ‘सलग’ हा शब्द सगळे विसरतात. 2800 वॅटचा ओव्हन तासभर लावला म्हणजे 2.8 युनिटं गेली, असा हिशोब मांडला जातो. पण ओव्हनचे रॉड तासभर सलग पेटलेले नसतातच. आतली उष्णता ठरलेल्या अंशांवर पोचली की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो, ती थोडी उतरली की पुन्हा लावतो. केक भाजत असताना बराच वेळ रॉड बंदच असतात.

हिशोबच करू. ओव्हन 180 अंशांपर्यंत तापायला 12 मिनिटं लागली, तर तेवढ्यात सुमारे 0.56 युनिट गेलं. पुढच्या 40 मिनिटांत रॉड पाव वेळ चालू राहिले असं धरलं, तर आणखी 0.47. म्हणजे एका केकला साधारण 1 युनिट.

माझ्या हिशोबावर विश्वास नसेल तर युरोपचं पाहा. तिथे 2015 पासून घरगुती ओव्हनवर एका वेळच्या वापराला किती वीज लागते हे लेबलवर छापणं सक्तीचं आहे. ती मोजायची पद्धतही ठरलेली आहे : पाण्यात भिजवलेली सच्छिद्र वीट ओव्हनमध्ये ठेवायची आणि तिचं तापमान 55 अंशांनी वाढेपर्यंत लागलेली वीज मोजायची. भिंतीत बसणाऱ्या 65-70 लिटरच्या ‘ए’ श्रेणीतल्या ओव्हनवर हा आकडा सहसा 0.8 ते 1 युनिटच्या आसपास असतो.

आता हेच गिझरशी ताडून बघा. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतं. घरातला गिझर रोज चालतो, त्याचा बाऊ कोणी करत नाही. आठवड्यातून दोनदा बेकिंग केलं तर ओव्हनची महिन्याची 8-9 युनिटं होतात. घराचा वापर 200 युनिटं असेल तर ही भर पाच टक्क्यांच्या आत राहते. बिल दुप्पट होण्याची गोष्ट कुठून आली?

यावर पुढचं उत्तर ठरलेलं असतं : “पण स्लॅब ओलांडला तर?” महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात, हे खरं. पण 300 ओलांडल्यावर चढा दर लागतो तो 300 च्या वरच्या युनिटांना. आधीची 300 युनिटं आपापल्या जुन्या दरानंच मोजली जातात. बिलावरचा तपशील एकदा नीट वाचला तर हे कोणालाही दिसतं.

तरीही शंका उरली तर कोणाचंच ऐकू नका, स्वतः मोजा. घरातली बाकीची उपकरणं फ्रिजसकट तासभर बंद करा. केक भाजण्याआधी आणि भाजून झाल्यावर मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. मीटरवरचा छोटा लाल दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो तेही मीटरवरच छापलेलं असतं. ओव्हन तापताना तो भराभर लुकलुकेल आणि रॉड बंद झाले की जवळजवळ थांबेल. थर्मोस्टॅट म्हणजे काय, हे त्या दिव्याइतकं स्पष्ट मीही सांगू शकणार नाही.

आणि कमी वॅट घेऊन साधतं काय? 180 अंशांवरच्या ओव्हनमधून किती उष्णता बाहेर जाते हे त्याच्या आकारावर, आवरणावर आणि दाराच्या सीलवर ठरतं. रॉडच्या वॅटशी त्याचा संबंध नाही. तेवढ्याच आकाराच्या ओव्हनला कमी ताकदीचे रॉड दिले, तर ते तेवढीच उष्णता पुरवायला जास्त वेळ पेटून राहतात. दार उघडून ट्रे सरकवला की उतरलेलं तापमान लवकर सावरत नाही, आणि पाव फुगायच्या ऐन वेळी ओव्हन धापा टाकत असतो. वीज खरंच वाचवायची असेल तर छोट्या केकसाठी छोटा ओव्हन वापरा, किंवा एकदा तापलेल्या ओव्हनमध्ये दोन पदार्थ लागोपाठ भाजा.

वॅट बघायचे असतात ते वायरिंगसाठी. 2800 वॅट म्हणजे सुमारे 12 अँपिअर. त्याला 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट, अडीच किंवा चार चौरस मिलीमीटरची तांब्याची तार, वेगळा एमसीबी आणि चोख अर्थिंग हवं. जुन्या इमारतीत राहत असाल तर ओव्हन ठरवण्याआधी वायरमनला बोलवा. मिक्सरच्या प्लगवर ओव्हन चालवणं ही जिवाशी गाठ आहे.

गैरसमज : पडद्यावर 180 दिसलं म्हणजे आत 180 आहे

पडद्यावर दिसतो तो तुम्ही मागितलेला आकडा. आत 15-20 अंशांचा फरक असणं अगदी नेहमीचं आहे, नव्या आणि महागड्या ओव्हनमध्येसुद्धा. तापल्याची ‘बीप’ झाली तरी तेव्हा हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे अजून मागे असतात. आणखी दहा मिनिटं थांबा. काहीशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा आणि काटा वरखाली होतो त्याची सरासरी धरा.

थर्मामीटर नसेल तर साखर आहे. साखर साधारण 186 अंशांना वितळते. चमचाभर साखर फॉइलवर पसरून नीट तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. 175 वर ती कोरडी राहायला हवी आणि 195 वर वितळायला हवी. 175 वरच पाणी झालं तर तुमचा ओव्हन सांगतो त्याहून गरम आहे.

घरचा रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत नानकटाई करून आणायची पद्धत अनेकांना आठवत असेल. त्या विटांच्या भट्टीला ना बटण होतं ना पडदा. भट्टी कडक असताना पाव निघायचे आणि आच उतरत गेली की नानकटाईचे पत्रे आत जायचे. भट्टीवाल्याला आपली आच माहीत होती. आपल्यालाही आपल्या ओव्हनची ओळख तेवढीच करून घ्यायची आहे.

आणखी काही, थोडक्यात

*भिंतीत बसवलेला ओव्हन जास्त चांगला भाजतो.* भिंत काही भाजत नाही. चांगल्या थर्मोस्टॅटचा 35-40 लिटरचा ओटीजीसुद्धा घरच्या केकला पुरतो. भिंतीतल्या ओव्हनचे फायदे म्हणजे जाड आवरण, मोठा ट्रे आणि कमरेत न वाकता होणारं काम.

*कपाटात घट्ट बसला की झालं.* ओव्हनला श्वास घ्यायला जागा लागते. कपाटाची मागची बाजू सुतारानं फळीनं बंद केली तर गरम हवा कोंडते आणि आतले भाग लवकर जातात. आधी ओव्हनचं माहितीपत्रक, मग सुताराची टेप.

*पंखा कायम चालूच ठेवावा.* पंख्यामुळे उष्णता लवकर पोचते, म्हणून तापमान 20 अंशांनी कमी ठेवावं लागतं. बिस्किटांचे दोन ट्रे असतील तर पंखा हवा. नाजूक स्पंजला वरखालची शांत आचच मानवते.

*कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे, म्हणजे ओव्हन आहेच.* केकपुरतं बरोबर. पण त्यातल्या अनेकांचं तापमान 200-220 अंशांवर थांबतं आणि फिरत्या ताटलीवर मोठा ट्रे मावत नाही. पावाला ते अपुरं पडतं.

*जितकी फंक्शन्स तितकं उत्तम.* वरखालची आच, पंखा आणि ग्रिल ही तीन नीट चालली की पुरे.

*नाशिक उंचावर, म्हणून केकचं प्रमाण बदलावं लागतं.* आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहोत, एवढ्यानं काही बदलत नाही. इथे खरी अडचण थंडीची आहे. जानेवारीत यीस्टचं पीठ तासन्‌तास फुगत नाही. तेव्हा ते बंद ओव्हनमध्ये, रॉड न लावता, फक्त आतला दिवा लावून ठेवा. ती ऊब पुरते.

दुकानात जाल तेव्हा पाटीवरचे वॅट वायरमनसाठी टिपून घ्या आणि पुढे सरका. दार हलकेच उघडून बंद करा, सील चहूबाजूंनी टेकतं का बघा. तुमचा नेहमीचा ट्रे घरून न्या आणि आत घालून पाहा. तळाचा रॉड वेगळा चालवता येतो का विचारा. ओव्हन घरी आल्यावर पहिल्या दिवशी केक करू नका, साखर आणि थर्मामीटर आत ठेवून त्याची आच समजून घ्या. केक दुसऱ्या दिवशी करा, आणि तो नीट तापलेल्या ओव्हनमध्येच ठेवा.