आई ‘जवळची’ ठरेपर्यंत

निपाणीला आमच्या अक्काकडं गेलं की ती एकदा तरी कपाटातली फाईल काढून दाखवतेच. तिच्यात शेताचे उतारे नाहीत की घरपट्टीच्या पावत्या नाहीत. आहे तो लेकीचा जन्मदाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका आणि पासपोर्टच्या झेरॉक्स. “मी हिची आई आहे, हे पटवायला एवढे कागद लागले बघ,” असं म्हणून ती फाईल परत जागेवर ठेवते.

अक्का म्हणजे माझी मावसबहीण. तिची लेक आणि जावई जानेवारी २०२० मध्ये मेलबर्नला गेले. कायम राहण्याचा परवाना, ज्याला आपल्याकडची मुलं ‘पीआर’ म्हणतात, तो घेऊनच गेले. नवा देश, भाड्याचं घर आणि नोकरीचीही शोधाशोध. “दिवाळीला येतो,” असं सांगून गेली होती मुलं. दोन महिन्यांत करोना आला.

नाका इकडचा आणि तिकडचा

२० मार्च २०२० च्या रात्री ऑस्ट्रेलियानं बाहेरच्यांना दार बंद केलं. देशाचे नागरिक, पीआरधारक आणि त्यांचे जवळचे नातलग एवढ्यांनाच आत येण्याची मुभा राहिली. २५ मार्चपासून तर नागरिकांना आणि पीआरधारकांनाही सरकारी परवानगीशिवाय देश सोडता येईना. नेमकी त्याच दिवशी आपल्याकडं टाळेबंदी सुरू झाली.

आपल्या सीमाभागाला हे दुखणं त्या वर्षी घरबसल्या कळलं. अक्काचं माहेर कागल. निपाणीहून गाडीनं अर्ध्या तासाची वाट, पण मध्ये कोगनोळीचा नाका. आपली लग्नं, बाजार, दवाखाने या रेषेच्या दोन्ही अंगांना पसरलेले. एरवी कागलला जाताना आपण राज्य ओलांडलं हे ध्यानातही येत नाही. मे २०२० मध्ये कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना काही दिवस थांबवलंच. पुढं ‘सेवा सिंधू’वर नोंदणी आणि परतल्यावर सरकारी विलगीकरण. कागलला माझी मावशी, म्हणजे अक्काची आई, ऐंशी ओलांडलेली. तिला नुसतं बघून यायचं म्हटलं तरी आठवड्याचं विलगीकरण पदरात पडणार.

कर्नाटकानं २४ ऑगस्टला ही अट काढली. दुसऱ्याच दिवशी घरोघरी गौरी आल्या. पण महाराष्ट्राचा ई-पास २ सप्टेंबरपर्यंत चालू होता. त्यामुळं गौरी माहेरी येऊन गेल्या तरी अक्का काही माहेरी गेली नाही. सप्टेंबरात गेली आणि आल्यावर मला फोनवर म्हणाली, “आईकडं जायला सहा महिने लागले. आता लेकीकडं जायला किती लागतील कोण जाणे!”

कारण तोवर मेलबर्नहून गोड बातमी आली होती. फेब्रुवारीची तारीख होती.

जवळचं कोण?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण लेकीनं यायचं कसं? देश सोडण्यासाठी ठरावीक कारणांपैकी एक दाखवायला हवं होतं : टाळता न येणारं तातडीचं काम, तिकडं न मिळणारे उपचार, माणुसकीच्या नात्यानं पटणारं कारण किंवा तीन महिने वा अधिक काळ बाहेर राहण्याचं सबळ कारण. समजा, परवानगी मिळालीच, तरी परत जाण्याची खात्री नव्हती. जुलै २०२० पासून तिथं उतरणाऱ्या प्रवाशांच्या संख्येवर मर्यादा आली होती, शिवाय हॉटेलात १४ दिवस विलगीकरण. मेलबर्नला तर डिसेंबरपर्यंत परदेशी प्रवासी उतरवून घेणंच बंद होतं. नव्यानं गेलेल्याची नोकरी अशा वेळी किती दिवस टिकणार?

मग ठरलं की आईनंच जायचं. आणि इथं खरी मेख निघाली. नियमातल्या ‘जवळच्या नातलगां’त पती-पत्नी किंवा जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि अज्ञान मुलांचे पालक एवढेच होते. सज्ञान लेकीची आई त्यात बसत नव्हती. तिला माणुसकीच्या कारणाखाली खास अर्ज करावा लागणार होता. तसा तो केला. डॉक्टरांचं पत्र जोडलं. तीन आठवडे अक्का रोज सकाळी आंघोळीआधी धाकट्याला ई-मेल बघायला लावायची. उत्तर आलं, नकाराचं. त्या दिवशी तिनं मला विचारलं, “आई जवळची नव्हं, तर मग जवळचं कोण गं?”

वर्गात मुलांना समजावून सांगणारी मी, पण या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. विलगीकरणाच्या खोल्या मोजक्या होत्या, त्यामुळं कुठं तरी रेघ ओढणं भागच होतं. त्या दोन वर्षांत ऑस्ट्रेलियानं इतर अनेक देशांच्या मानानं पुष्कळ जीव वाचवले, हेही खरं. पण ती रेघ ज्या घरावरून ओढली गेली, त्या घरात नवरा-बायको आणि लहान मुलं एवढीच माणसं होती. आपल्या घरात बाळंतिणीच्या उशाशी आई असते. ती पाहुणी म्हणून येत नाही, ते तिचं कामच असतं. हे दुःख काही एकट्या मराठी घराचं नव्हतं. नाना देशांतून तिथं स्थायिक झालेल्यांचं हेच गाऱ्हाणं होतं आणि हजारो सह्यांचे अर्ज तिथल्या संसदेकडं गेले.

बारसं मोबाइलवर

फेब्रुवारी २०२१ मध्ये मुलगी झाली. अळिवाचे लाडू कसे वळायचे ते अक्कानं व्हिडिओवर जावयाला शिकवलं. पहिला घाणा बिघडला, दुसरा बरा झाला. बारशाला पाळणा निपाणीत म्हटला गेला आणि मेलबर्नात बाळाला हलवलं गेलं. आवाज मागं-पुढं पोचत होता, त्यामुळं नाव दोनदा ठेवावं लागलं.

एप्रिलमध्ये आपल्याकडं दुसरी लाट उसळली. २७ एप्रिल ते १५ मे या काळात ऑस्ट्रेलियानं भारतातून जाणारी विमानंच थांबवली. ३ मेपासून तर भारतात राहून आलेल्यानं देशात पाऊल ठेवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा मोठा दंड, असा हुकूम निघाला, अगदी स्वतःच्या नागरिकांनासुद्धा. परतीची वाट पाहणारे सुमारे ९ हजार लोक तेव्हा भारतात होते. कॅनडानंही २२ एप्रिल ते २७ सप्टेंबर २०२१ थेट विमानं बंद ठेवली. “पोरगी बाळंतपणाला आली असती तर यातच सापडली असती,” असं म्हणून अक्कानं तेवढंच समाधान मानलं.

त्या पावसाळ्यात कागलची मावशी गेली. पणतीला तिनं पाहिलं ते मोबाइलवरच.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियानं जाहीर केलं की, नागरिक आणि पीआरधारकांचे आई-वडील यापुढं ‘जवळचे नातलग’ धरले जातील. अंमल १ नोव्हेंबरपासून. आपल्याकडं १ नोव्हेंबर म्हणजे काळा दिन, १९५६ ची आठवण. त्या सकाळी लेकीचा फोन आला, “आई, तू आजपासून जवळची झालीस.” योगायोग असा की, अक्कानं घेतलेल्या कोव्हॅक्सिन लशीलाही तिथं मान्यता मिळाली ती त्याच दिवशी.

मग सुरू झाली ती फाईल. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं, इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांचं. भाषांतरं झाली, प्रतिज्ञापत्र झालं. ज्यांची मुलं परदेशी आहेत किंवा जायची आहेत, त्यांनी नावांचा हा घोळ सवडीनं निस्तरून ठेवावा. गरज पडते तेव्हा सवड नसते.

संक्रांतीनंतर, जानेवारी २०२२ मध्ये अक्का मेलबर्नला पोचली. नात अकरा महिन्यांची झाली होती. मोबाइलवर आजीला ओळखणारी ती पोर समोर आजी पाहून आईच्या खांद्याआड लपली. कडेवर यायला तिनं चार दिवस घेतले.

पुढं २१ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियानं दोन डोस घेतलेल्या सगळ्याच व्हिसाधारकांना दार उघडलं. मी एकदा सहज म्हटलं, “अक्का, महिनाभर थांबली असतीस तर परवानगीचा एवढा खटाटोप करावाच लागला नसता.”

ती म्हणाली, “आणि पहिला वाढदिवस?”