थोड्या मालाचे थंड भाडे

साध्या मालवाहतुकीत दहा जणांचा थोडाथोडा माल एकाच ट्रकमध्ये भरून, म्हणजेच ‘पार्ट लोड’ घेऊन, भाडे विभागता येते. परंतु रीफर गाडीत, म्हणजे उष्णतारोधक पेटी आणि शीतयंत्र बसवलेल्या वाहनात, ही सोय लवकरच अडखळते, आणि चार-पाच क्विंटल माल पाठवणाऱ्यास किलोमागे पडणारा दर भरलेल्या गाडीच्या दराहून कितीतरी जास्त का असतो, याचे उत्तर वाहतूकदाराच्या हावेत शोधणे व्यर्थ ठरते.

चालकाचा पगार, टोल, कर्जाचे हप्ते आणि परतीची रिकामी फेरी हे खर्च मालाच्या वजनाप्रमाणे घटत नाहीत, हे कोणत्याही ट्रकबाबत खरे आहे. रीफर गाडीत त्यावर थंडाव्याचा खर्च चढतो, आणि पेटीच्या भिंतींमधून आत शिरणारी उष्णता पेटीचे क्षेत्रफळ व बाहेरचे ऊन यांवर अवलंबून असल्यामुळे अर्धी रिकामी गाडी थंड ठेवण्यासही जवळपास तेवढेच इंधन लागते. फळांच्या हलक्या खोक्यांना तर प्रत्यक्ष वजनाऐवजी त्यांनी व्यापलेल्या जागेवरून काढलेले ‘आकारमान वजन’ लावले जाते.

खरी अडचण मात्र शेजाराची आहे. नाशिकच्या द्राक्षांना शून्य अंशाच्या आसपासचे तापमान मानवते, तर जळगावची केळी १३ अंशांच्या बरीच खाली गेल्यास त्यांची साल काळवंडते आणि ती नीट पिकत नाहीत. आइस्क्रीमला उणे १८ अंश किंवा त्याहून कमी तापमान लागते, आणि अनेक लसींना २ ते ८ अंशांची मर्यादा ओलांडलेली चालत नाही. तापमान जुळले तरी पिकणाऱ्या फळांतून सुटणारा इथिलीन वायू शेजारच्या पालेभाज्या पिवळ्या पाडतो. पेटीत आडपडदा घालून दोन तापमाने राखणारी वाहने असतात खरी, पण त्यांची किंमत अधिक आणि भरण्याजोगी जागा कमी असते.

थोडा माल म्हणजे थांबेही अनेक. प्रत्येक थांब्यावर दार उघडताच दमट, उष्ण हवा आत येते, तिच्यातील बाष्प शीतनलिकांवर गोठते आणि ते वितळवण्यासाठी यंत्राला थंड करण्याचे काम थांबवावे लागते. शिवाय रीफर गाडी थंड माल थंड ठेवण्यासाठी घडवलेली असते, गरम माल थंड करण्यासाठी नव्हे. म्हणून तोडणीनंतर मालातील उष्णता शीतकक्षात काढून घेणे, म्हणजे पूर्वशीतन, आवश्यक ठरते. ती सोय नसलेल्या लहान शेतकऱ्याचा उन्हातला एक क्रेट शेजारच्या थंड खोक्यांनाही तापवतो, आणि म्हणूनच अनोळखी पार्ट लोड घेण्यास वाहतूकदार कचरतो.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर सुरू झालेल्या किसान रेल्वेने किमान वजनाची अट न ठेवता शेतमाल घेतला आणि पुढे अधिसूचित फळे-भाज्यांच्या भाड्यावर ५० टक्के अनुदानही मिळाले. मात्र त्यामुळे खर्च घटला नाही, त्याचा निम्मा भाग सरकारकडे सरकला. अधिक आश्वासक वाटतो तो, साध्या गाडीतच जाणाऱ्या उष्णतारोधक पेट्यांचा मार्ग. त्यांत ठरावीक तापमानास वितळणाऱ्या द्रावणाच्या गोठवलेल्या पट्ट्या ठेवतात, त्यामुळे प्रत्येक पेटीचे तापमान वेगळे राखता येते आणि शेजाराचा प्रश्नच उरत नाही. परंतु पट्ट्यांच्या वजनाचेही भाडे पडते, त्या गोठवण्यास आदल्या रात्री वीज लागते, आणि रिकामी पेटी परत आणण्याचा खर्च पुन्हा माल पाठवणाऱ्याच्याच खात्यावर येतो.